मांजराची साखर आणि मावशीची वही

गाय आटली, वासराला हगवण लागली, कोंबड्यांना मानमोडी आली, तर काय करावे, हे विचारणारी माणसे माझ्या नोकरीत मला रोज भेटतात. मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. तेव्हा जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगतो आणि बाकीच्यासाठी दवाखान्याची वाट दाखवतो. मांजराच्या दुखण्याबद्दल मात्र इतक्या वर्षांत मला कोणी विचारले नव्हते. विचारणारी पहिली बाई निघाली ती माझी सख्खी मावशी.

मावशीचे घर मालवण तालुक्यात खाडीच्या काठाला आहे. थोडे माड, चार कुणगे भात, दावणीला एक गाय. मुलगे मुंबईला चाकरमानी. घरात राहणारे दोघेच, मावशी आणि तांबू नावाचा तांबड्या रंगाचा बोका. बोका खच्ची केलेला, वय नऊ वर्षांचे. तो केवळ लाडाचा होता असे कोणी समजू नये. कणगीतले भात आणि माडाखालचे नारळ उंदरांपासून राखण्याचे काम त्याने इमानाने केले होते. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोचा ताप येतो आणि तो प्रामुख्याने उंदरांच्या मुतामुळे पसरतो, हे लक्षात घेतले म्हणजे घरातल्या मांजराची किंमत कळते.

२०२२ च्या दिवाळीत मी मावशीकडे गेलो होतो. फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवता ती म्हणाली, "रे, ह्या मांजराक झालाहा तरी काय? वाटयेतला पाणी पिऊन भागणा नाय म्हणान न्हाणयेतला पिता. खाता दोन माणसांचा, नि अंगाक लागणा नाय. मुतता थय मुंगये लागतत."

मुंग्यांचे ऐकले आणि माझा हात थांबला. आपल्या चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांतल्या एकाला मधुमेह हे नाव दिले. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही खूण त्यांनीच टिपून ठेवली आहे. ती माणसाला लागू तशी मांजरालाही लागू.

रोग ओळखावा कसा?

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या उतारवयातील मधुमेहासारखा असतो. पोटातील स्वादुपिंड नावाची ग्रंथी इन्सुलिन तयार करते. अन्नातून आलेली साखर रक्तातून शरीराच्या कणाकणात पोचवण्याचे काम हे इन्सुलिन करते. ते कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले की साखर रक्तातच साचते आणि एका मर्यादेपलीकडे लघवीवाटे वाहू लागते. साखरेबरोबर पाणी जाते, म्हणून तहान लागते. खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून भूक वाढते आणि तरी जनावर वाळते.

लठ्ठ, खच्ची केलेले, सात-आठ वर्षांपुढचे बोके या रोगाला अधिक बळी पडतात. खाजेसाठी वरचेवर दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शने आणि मांजरी माजावर येऊ नये म्हणून दिलेली संप्रेरकाची औषधे यांनीही हा रोग उद्भवतो. अशी इंजेक्शने कोणाच्या सांगण्यावरून परस्पर देऊ नयेत.

घरच्या घरी पाहण्यासारख्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

पाच किलोचे मांजर दिवसाला साधारणपणे पाव लिटरहून अधिक पाणी पीत नाही. मासे-मटण खाणारे तर त्याहूनही कमी पिते. ते अर्धा लिटर किंवा अधिक पिऊ लागले, तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की समजावे. सकाळी भांड्यात मोजून पाणी घालावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. दुसरी खूण वजनाची. मांजराला पिशवीत घालून पिशवी काट्याला अडकवली की वजन मिळते. तिसरी खूण चालण्याची. काही मांजरांच्या मागच्या पायांतले बळ जाते. ती बोटांवर न चालता टाचा टेकून चालतात आणि उडी मारण्याचे टाळतात.

तांबूला वेताच्या टोपलीत घालून, वरून फडके बांधून आम्ही एस.टी.ने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. रक्तातील साखर साडेचारशेच्या वर भरली. निरोगी मांजरात ती साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असते. तरी डॉक्टरांनी एका आकड्यावर विश्वास ठेवला नाही. मांजर भ्यालेले असले की नुसत्या भीतीने त्याची साखर तीनशेपर्यंत चढू शकते, असे ते म्हणाले. टोपली, एस.टी.चा खडखडाट, दवाखान्यातले कुत्रे, एवढे पुरे होते. म्हणून त्यांनी लघवीही तपासण्यास सांगितले. मावशीने घमेल्यात माती न घालता धुतलेले गुळगुळीत खडे घातले आणि सकाळी तळाशी जमलेली लघवी बाटलीत भरून दिली. तीतही साखर सापडली. निदान पक्के झाले.

भात-कढी बंद

आपल्याकडे मांजराचे जेवण म्हणजे भात आणि वर माशाची कढी. सकाळी थोडी पेज, रात्री वाटीभर दूध. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी आहे. भात, पेज, चपाती, बिस्किट यांची त्याच्या शरीराला गरज नाही. साखरेच्या मांजराला तर ते विषासमान होय.

डॉक्टरांनी सांगितलेला आहार आपल्या किनाऱ्यावर अवघड नाही. ताजा बांगडा, तारली किंवा मिळेल तो स्वस्त मासा मिठाविना उकडावा, काटे काढावेत आणि द्यावा. कच्चा मासा रोज देऊ नये. त्याने एक जीवनसत्त्व नष्ट होते. नुसत्या तेलकट माशांवरही ठेवू नये. आठवड्यातून काही दिवस उकडलेली कोंबडी, तिचे काळीज थोडेसे, उकडलेले अंडे असा बदल असावा. खारवलेले सुके मासे वर्ज्य. कढीतला कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला अपायकारक असतो, तेव्हा ताटातले उरलेले कालवण देऊ नये.

येथे दोन इशारे द्यावेसे वाटतात. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करू पाहू नये. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते दगावते. दुसरे असे की, इन्सुलिन चालू असताना भात एकदम तोडू नये. साखर अचानक खाली येते. आहार हळूहळू आणि डॉक्टरांना सांगून बदलावा. वेळीच इन्सुलिन आणि योग्य आहार सुरू झाला, तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही.

सुई आणि माझी चूक

१९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. पुढे साठ वर्षे ते कत्तलखान्यातील गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जात असे. गाईचे इन्सुलिन आणि मांजराचे इन्सुलिन यांत अवघ्या एका घटकाचा फरक आहे, हे वाचून मला नवल वाटले होते. १९८० नंतरच्या दशकात जंतूंकडून माणसाचे इन्सुलिन तयार करून घेण्याची विद्या साधली आणि आज तेच मांजरालाही चालते.

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतराने एकेक युनिट टोचण्यास सांगितले. आधी खाऊ घालायचे, ते खाताना खांद्यामागची किंवा बगलेची सैल कातडी चिमटीत धरायची आणि केसाएवढी बारीक सुई घालायची. मावशीचा हात कापेल असे मला वाटले होते. पण वर्षानुवर्षे गायीच्या अंगावरच्या गोचड्या वेचणारा हात तो. दुसऱ्या दिवशी तिने मला बाजूला सारले.

सिरिंजा मात्र मी आणून दिल्या आणि तेथेच घोटाळा झाला. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदीच्या मिळतात. एका प्रकारात दर मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि दुसऱ्यात १००. पहिल्यासाठी लाल टोपणाची सिरिंज आणि दुसऱ्यासाठी नारिंगी टोपणाची. आमची कुपी ४० ची होती. मी दुकानातून नारिंगी टोपणाच्या सिरिंजा आणल्या. सिरिंज म्हणजे सिरिंज, असे मला वाटले. बी.एस्सी.ला मापे-वजने शिकलेल्या माणसाने बाटलीवरचा आकडा वाचू नये, ही शरमेची गोष्ट आहे. पण दुसऱ्या कोणाच्या घरी असे होऊ नये म्हणून लिहितो.

परिणाम काय झाला? नारिंगी सिरिंजेवर एक युनिटाची रेघ धरली की ४० च्या कुपीतले औषध जात होते केवळ ०.४ युनिट. साखर उतरेना, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत गेले. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. दोन-अडीच महिन्यांनी कागदावर ४ युनिट होते आणि मांजराच्या अंगात जात होते १.६. एके दिवशी दवाखान्यात मावशीने पिशवीतून सिरिंज काढली आणि डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

मला वाटले, आता लाल टोपणाच्या आणल्या की काम झाले. डॉक्टर म्हणाले, "साहेब, घाई करू नका. आज योग्य सिरिंज घेऊन चार युनिट टोचलीत, तर त्याला कालच्या अडीचपट औषध जाईल. रात्रीत मरेल." त्यांनी नव्याने २ युनिटांपासून सुरुवात केली. याच्या उलट चूक, म्हणजे १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज, ही तर पहिल्याच दिवशी अडीचपट औषध देते. म्हणून कुपीवरचा आकडा आणि सिरिंजेवरचा आकडा एकच आहे ना, हे विकत घेतानाच दुकानदारासमोर वाचून पाहावे. घरात माणसाला इन्सुलिन चालू असेल, तर त्याची सिरिंज मांजराला वापरू नये.

इन्सुलिन उष्णतेने निकामी होते आणि गोठल्यानेही होते. शीतकपाटात बर्फाच्या खणापासून दूर ठेवावे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या किनाऱ्यावर कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, हे कोणी विसरलेले नाही. तशा वेळी झाकणाच्या कोरड्या डबीत कुपी घालून डबी मातीच्या मडक्यात ठेवावी आणि मडके ओल्या वाळूत, सावलीला ठेवावे. वापरलेल्या सुया गायरीत किंवा माडाच्या आळ्यात टाकू नयेत. गुराच्या पायात जातात. पत्र्याच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात.

मावशीचे बोट

घरी साखर मोजण्यासाठी माणसांचे छोटे यंत्र चालते. ते मांजराची साखर थोडी कमी दाखवते, पण चढ-उतार कळतो. कानाच्या कडेला सुईने टोचून आलेला थेंब पट्टीला लावायचा. यंत्र घेऊन मी गेलो, तेव्हा मावशीने तांबूला पदराखाली घेतले.

"त्याका टोचूच्या आधी माका टोच. बघूया किती दुखता ता."

मी तिचे बोट टोचले. थेंब यंत्राला लावला. आकडा आला २८७. जेवून दोन तास झाले होते. ती हसली आणि म्हणाली, "मांजराचा यंत्र, माका चुकीचा दाखवता." पण यंत्र माणसांचेच होते. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी पुन्हा पाहिले, तरी आकडा चढाच. तिला मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तिलाही मधुमेह निघाला. रात्री चारदा उठावे लागते, पायाला मुंग्या येतात, हे ती वर्षभर कोणाला सांगत नव्हती. "म्हाताऱ्या माणसाचा असाच असता," असे तिने धरले होते. मांजराचे तिला दिसले, स्वतःचे दिसले नाही.

त्या दिवसापासून मावशीने शाळकरी मुलांची एक वही केली. डाव्या पानावर तांबूचे पाणी, वजन, साखर, सुईची वेळ. उजव्या पानावर स्वतःची साखर आणि गोळी.

साखर हटेना तेव्हा

फेब्रुवारी २०२३ पासून वहीप्रमाणे सगळे चोख चालले होते. सिरिंज बरोबर, औषध थंड, भात बंद. डॉक्टर दर दोन आठवड्यांनी बेताने मात्रा वाढवत होते. जूनच्या सुरुवातीस ती सकाळी १० आणि संध्याकाळी १० युनिट झाली, तरी साखर दिवसभर साडेतीनशेच्या खाली येईना. दर किलो वजनामागे, एका वेळेस दीड युनिटाहून अधिक देऊनही साखर चढीच राहिली, तर इन्सुलिनला विरोध होतो आहे असे समजतात.

त्यापेक्षाही नवलाची गोष्ट वहीच्या दुसऱ्या रकान्यात होती. साखर न उतरलेले मांजर वाळायला हवे. तांबू ४.७ किलोवरून ६.१ किलोवर गेला होता. डॉक्टरांनी त्याचे तोंड दोन्ही हातांत धरून निरखले. जबडा रुंद झाला होता, खालच्या दातांत फटी पडल्या होत्या, पंजे थोराड दिसत होते. मावशी म्हणाली, "मी म्हणी, सुईन गुण इलो. तोंड बघा कसा वाघासारख्या झाला." मी २०२२ च्या दिवाळीतला फोटो दाखवला तेव्हा फरक सगळ्यांनाच पटला. रोज पाहणाऱ्याला असे बदल कळत नाहीत. म्हणून जुना फोटो हा अशा वेळी मोठा साक्षीदार असतो.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची ग्रंथी असते. मांजरात ती मिरीच्या दाण्याएवढी. शरीराच्या वाढीचे संप्रेरक ती सोडते. तिच्यात गाठ झाली की हे संप्रेरक प्रमाणाबाहेर सुटते. ते एकीकडे हाडे, जबडा, पंजे, आतडी, हृदय वाढवते आणि दुसरीकडे इन्सुलिनचे काम अडवते. माणसातही हा रोग होतो. त्याला अ‍ॅक्रोमेगाली म्हणतात. हात-पाय आणि जबडा मोठा होत जातो. मांजरात तो बहुधा मध्यमवयीन व वयस्क बोक्यांत आढळतो.

हा रोग फार दुर्मिळ, असे पूर्वी समजत. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातील संशोधकांनी ब्रिटनमधील १२२१ मधुमेही मांजरांचे रक्त तपासून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर चार मांजरांमागे सुमारे एकीत या रोगाचा संशय यावा असे रक्त सापडले. साध्या दवाखान्यात साखरेची म्हणून उपचार घेणारीच ही मांजरे होती. आपल्याकडची सरासरी तीच असेल असे नाही. पण साखर हटेना तर दुसऱ्या ग्रंथीकडे पाहावे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

दुसऱ्याही दोन ग्रंथी असा घोळ घालतात. मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीचा रस अधिक सुटला, तर पोट सुटते, केस गळतात आणि कातडी कागदासारखी पातळ होऊन सहज फाटते. गळ्यातील थायरॉइड वाढला, तर मांजर खा-खा करते, अस्वस्थ होते आणि वाळत जाते. तांबूची कातडी जाड होती आणि वजन वाढत होते, म्हणून डॉक्टरांचा संशय पियुषिकेवर गेला.

परंतु वाचकांनी क्रम ध्यानात ठेवावा. ग्रंथीचा संशय सर्वांत शेवटी घ्यायचा. आधी सिरिंज आणि कुपी ताडून पाहावी. इन्सुलिन तापले किंवा गोठले होते का, मुदत टळली का, ते पाहावे. टोचलेले केसांतच तर सांडत नाही ना? शेजारची मुले चोरून दूध-भात घालत नाहीत ना? तोंडात सडका दात किंवा लघवीच्या मार्गात दाह आहे का? तांबूची एक दाढ किडली होती, ती डॉक्टरांनी आधीच काढली होती. हे सगळे साफ झाल्यावरही साखर हटली नाही, तेव्हाच पुढचे बोलणे. आमची सिरिंजेची चूक उमगली नसती, तर जानेवारीतच आम्ही ग्रंथीच्या मागे लागलो असतो.

तपासावे की न तपासावे?

या रोगाच्या संशयासाठी रक्तातील आयजीएफ-१ नावाचे द्रव्य मोजतात. इन्सुलिन सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाल्यावर ते मोजावे. त्याआधी आकडा खोटा कमी येऊ शकतो. खात्रीसाठी डोक्याचे विशेष चित्र काढावे लागते. गाठ काढण्याची शस्त्रक्रिया लंडनला आणि नेदरलँड्समधील उट्रेख्टला होते. किरणोपचारही आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी मोठ्या शहरात चौकशी करावी. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे.

मावशीने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला. "तपासणी करून सुई बदलतली काय?"

डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "नाही आजी. शस्त्रक्रिया आपल्या आवाक्यात नाही. रोग नक्की ठरला, तरी आपल्या हातात इन्सुलिनच राहील."

"मग ते पैसे सुयांका ठेवया."

मला हा निर्णय शहाणपणाचा वाटला. तपासणीने पुढचे पाऊल बदलणार असेल तर ती जरूर करावी. नुसते नाव कळावे म्हणून ऐपतीबाहेर जाऊ नये. मुंबईहून मुलाचा फोन आला, मांजरासाठी इतका खर्च कशाला म्हणून. मावशीने त्याला सांगितले, "तुझ्याकडे मागलय काय? नारळ माझे आसत. तुमी गणपतीक येतास नि जातास. ह्यो बारा म्हयने माझ्यावांगडा असता." त्यावर मुलगा काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून तपासणीच्या पट्ट्या तो पाठवू लागला.

डॉक्टरांनी उद्दिष्टही बदलले. साखर दीडशेवर आणण्याचा हट्ट सोडला. पाणी कमी प्यावे, अंगात बळ राहावे, साखर फार खाली जाऊ नये, एवढे साधले की पुरे. या रोगात संप्रेरक कधी जास्त सुटते, कधी कमी. ज्या दिवशी कमी सुटते, त्या दिवशी तेच दहा युनिट भारी पडतात.

मध जवळ ठेवा

तसे एकदा झालेच. जुलैत पावसाची झड लागली होती, दिवे गेले होते. रात्री दहाच्या सुमारास तांबू दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, मान हलू लागली. साखर साठच्या खाली गेली की अशी लक्षणे दिसतात. पुढे झटके येतात. मावशीने चुलीशेजारची मधाची बाटली काढली, बोटाने हिरड्यांना मध चोळला आणि तो सावरल्यावर मासा खाऊ घातला. पाव तासात तो उठून बसला. सकाळची सुई टोचण्याआधी तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मात्रा कमी केली.

प्रत्येक घराने लक्षात ठेवावे, ते इतके. मांजर शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी किंवा पाक ओतू नये, श्वासनलिकेत जातो. हिरड्यांना चोळावा आणि दवाखाना गाठावा. मांजर जेवले नाही, तर पूर्ण मात्रा टोचू नये, डॉक्टरांना विचारावे. सुई नीट लागली की नाही अशी शंका आली, तर दुसऱ्यांदा टोचू नये. एक वेळ साखर चढलेली चालते, उतरलेली चालत नाही. माणसाच्या साखरेच्या गोळ्या मांजराला देऊ नयेत. मांजरांसाठीच्या खास गोळ्या अमेरिकेत २०२२ साली मंजूर झाल्या आहेत, पण त्या निवडक मांजरांनाच चालतात. आणि साखरेचे मांजर खायचे थांबले, ओकू लागले, मरगळून पडले, तोंडाला गोडसर वास येऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

शेवट

तांबू त्यानंतर आठ-नऊ महिने चांगला जगला. पूर्वीसारखी माडावर झेप घेत नसे, पण पडवीत बसून कणगीवर नजर असे. २०२४ च्या शिमग्यानंतर त्याने खाणे सोडले. मूत्रपिंडे थकली होती. डॉक्टर घरी आले आणि दोन पर्याय त्यांनी सरळ सांगितले. त्याचे हाल नकोत, असे मावशी म्हणाली. तिच्या मांडीवरच त्याला शेवटचे इंजेक्शन दिले. परसात फणसाखाली त्याला पुरले.

परवा गेलो होतो तेव्हा मावशीने वही दाखवली. डावी पाने मार्च २०२४ ला संपली आहेत. उजव्या पानांवर तिची साखर आजही लिहिली जाते आणि ती बऱ्यापैकी आटोक्यात आहे. पेज तिने निम्मी केली आहे. संध्याकाळी खाडीपर्यंत चालून येते.

तुमच्या घरातले मांजर न्हाणीतले पाणी पिऊ लागले, तर त्याला हाकलू नका. भांडे भरून मोजून ठेवा, पिशवीत घालून वजन करा आणि टोपली बांधून दवाखाना गाठा. आणि घरात कोणी वडीलधारे माणूस रात्री चारदा उठत असेल, तर त्यालाही बरोबर घ्या. वाटेत आरोग्य केंद्र लागतेच.